जास्वंदीला नऊ व्होल्ट

मराठी माणूस रस्त्यात पडलेली शंभराची नोट उचलण्याआधी चारदा इकडेतिकडे बघतो आणि उचलल्यावर दिवसभर अस्वस्थ राहतो. तोच माणूस दुसऱ्याच्या कुंपणातली जास्वंद मात्र बेधडक तोडतो आणि तोडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान असतं. पहाटे साडेपाच ते सव्वासहा हा या कामाचा मुहूर्त. त्या वेळेत हिंडणाऱ्यांच्या एका हातात प्लॅस्टिकची पिशवी असते आणि दुसऱ्या हातात काठी. काठी कुत्र्यांसाठी असते असं सांगतात. कुत्र्यांसाठीच्या काठीला टोकाशी आकडी कशाला, हे विचारायचं नसतं.

आम्ही तळमजल्यावर राहतो. खिडकीखाली जास्वंदीच्या कुंड्या आहेत. कुंड्या आमच्या, माती आमची, खत आमचं, मावा पडला की कडुनिंबाचं तेल फवारायला सुट्टीच्या दिवशी मीच. देवाला फुलांची पुडी मात्र रोज विकत येते. संकष्टीला तर आमची जास्वंद सोसायटीतल्या निम्म्या गणपतींच्या डोक्यावर विराजमान झालेली असते आणि आमचा गणपती फुलवाल्याकडच्या शिळ्या झेंडूवर भागवून घेतो.

फुलं कोण नेतं हे गूढ नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नेतात, हे त्यांच्या देवघरात डोकावणाऱ्या कुणालाही कळेल. मी एकदा धीर करून विषय काढला.

"काकू, आमची फुलं हल्ली..."

"हो ना, काय टपोरी येतात हो! आमच्या बाप्पाला तुमचीच लागतात."

"पण आमच्या देवाला उरत नाहीत."

"अहो, देव काय तुमचा वेगळा, आमचा वेगळा?"

यावर उत्तर नाही. ज्ञानेश्वरांपासून आजवर कुणी दिलेलं नाही.

मग मी पहिल्या मजल्यावरच्या वकीलकाकांचा सल्ला घेतला. पिशवी त्यांच्याकडेही आहे, हे मला ठाऊक होतं. पण दुसरा वकील परवडणारा नव्हता. ते म्हणाले, "चोरीचं कलम आधी दंड संहितेत 378 होतं. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 303 झालं. दोन्हीकडे स्पष्टीकरण एकच: जमिनीला जोडलेली वस्तू जोवर जोडलेली आहे तोवर तिची चोरी होत नाही."

"म्हणजे झाडावरचं फूल?"

"झाडावर आहे तोवर चोरी नाही."

"आणि तोडल्यावर?"

"तोडल्यावर ते देवाच्या डोक्यावर असतं. तिथून जप्त करून आणणार आहात का?"

"पण काका, माझं झाड कुंडीत आहे. कुंडी जमिनीला जोडलेली नाही."

काका थोडे गंभीर झाले. "हे बाहेर बोलू नका," म्हणाले. "कुंड्या सोसायटीच्या जागेत आहेत. विषय त्या दिशेला गेला तर अवघड होईल."

तेव्हा यंत्राची कल्पना सुचली. मुलगा म्हणाला, कॅमेरा लावा. पण कॅमेऱ्यात चेहरा दिसतो. चेहरा दिसला की ओळखल्यासारखं करावं लागतं, ओळखलं की बोलावं लागतं, आणि बोललं की गौरीच्या हळदीकुंकवाला काकू येत नाहीत. मला चोर पकडायचा नव्हताच. मला हवा होता फक्त एक आवाज, जो माझा नसेल. चोराने दचकून पळावं, मी गाढ झोपेत असावं, आणि दुपारी जिन्यात भेटल्यावर दोघांनी पावसाबद्दल बोलावं, इतकीच माफक अपेक्षा होती.

चोराला हाक मारण्याचं काम यंत्राकडे सोपवणारा मी पहिला नव्हे. अमेरिकेत बोस्टनजवळच्या सॉमरव्हिल इथल्या ऑगस्टस पोप यांनी 1853 मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरघंटीचं पेटंट घेतलं होतं. दार किंवा खिडकी उघडली की मंडल पूर्ण होई आणि घंटा वाजे. चार वर्षांनी एडविन होम्स यांनी त्याचे हक्क विकत घेतले आणि त्यावर मोठा धंदा उभा केला. त्यांच्या गावात जास्वंद नसावी.

माझ्या यंत्राची रचना पोपसाहेबांच्या नेमकी उलट होती. एक नऊ व्होल्टचा चौकोनी सेल, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एक बझर आणि केसाइतकी बारीक तार. तार ट्रान्झिस्टरच्या बेसपासून सेलच्या ऋण टोकापर्यंत जाते. ती अखंड आहे तोवर रेझिस्टरमधून येणारा करंट बेसला न शिवता परस्पर तारेतून निघून जातो आणि यंत्र गप्प असतं. तार तुटली की तोच करंट बेसमध्ये शिरतो, ट्रान्झिस्टर चालू होतो आणि बझर बोंबलायला लागतो. जोडलेलं असताना मुकाट आणि तुटलं की गावभर आरडाओरडा: आमच्याकडच्या सोयरिकींसारखंच हे. सगळं प्रवासी साबणाच्या डबीत मावतं, त्यामुळे यंत्र खिशात घालून कुठेही नेता येतं.

सामान आणायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो.

"बीसी 547 आहे का?"

"किती देऊ?"

"एक."

"एक हजार?"

"एक."

दुकानदाराने मान वर केली आणि आत हाक मारली, "अरे, साहेबांना एक ट्रान्झिस्टर दे. बॉक्स मोठा बघ, दबायला नको." मग माझ्याकडे वळून, "बिल जीएसटीचं करू का?"

काउंटरवर रेललेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "काय बनवताय?" मी सांगितलं. त्यांनी तत्काळ फर्मावलं, "555 टाका." इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 555 टाका म्हणणारा एक माणूस कायम उभा असतो. तो दुकानाच्या भाड्यातच येतो. हॅन्स कॅमेन्झिंड नावाच्या स्विस इंजिनिअरने 1971 मध्ये या आठ पायांच्या टायमरचा आराखडा केला, 1972 मध्ये सिग्नेटिक्सने तो बाजारात आणला आणि तेव्हापासून जगातल्या कुठल्याही अडचणीवर तो सुचवला जातोय. मी म्हटलं, "मला वेळ मोजायची नाहीये, फक्त ओरडायचं आहे." "मग 555 ने ओरडा," गृहस्थ म्हणाले. "चढउतार करत ओरडेल, ॲम्ब्युलन्सगत." मी एकसुरी ओरडण्यावर ठाम राहिलो. सगळं सामान शंभराच्या आत आलं. रिक्षाला त्याहून जास्त पडले.

जोडणीसाठी भाच्याला बोलावलं. भाचा बी.ई. आहे, तोही इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा. नोकरी हिंजवडीत, काम कुठल्याशा परदेशी विमा कंपनीच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं. त्याने ट्रान्झिस्टर चिमटीत धरला, दिव्यासमोर फिरवला आणि हळव्या आवाजात म्हणाला, "मामा, हा असा दिसतो होय?"

"तू शिकलायस ना?"

"आम्ही पेपरात काढायचो. गोल आणि त्यात बाण. सहा मार्कांना."

पाय ओळखण्याचा नियम सोपा आहे. चपटी बाजू आपल्याकडे केली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. हे वाक्य मी मोठ्याने वाचलं. भाचा टेबलाच्या पलीकडे बसला होता. त्याने चपटी बाजू आपल्याकडे केली, म्हणजे त्याच्याकडे. मी म्हटलं उलटी झाली. तो म्हणाला सुलटी आहे. मी फिरवली, त्याने परत फिरवली. अखेर दोघे एकाच बाजूला येऊन बसलो तेव्हा तीन पायांतला एक पाय फिरवाफिरवीला कंटाळून मोडून पडला होता. एकच ट्रान्झिस्टर घेण्यातली काटकसर मग दुसऱ्या रिक्षाच्या भाड्यात वळती झाली. या खेपेला मी दहा मागितले. दुकानदार म्हणाला, "धंदा वाढलेला दिसतोय."

रेझिस्टरवरचे पट्टे वाचण्याचा प्रसंग त्याहून बिकट. मला हवा होता एक लाख ओहमचा: तपकिरी, काळा, पिवळा. त्याच पुडीत कशासाठी तरी घेतलेला दहा हजार ओहमचाही पडला होता: तपकिरी, काळा, नारिंगी. दोन्ही तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे. पिवळा आणि नारिंगी यांत फरक काय, हे रात्री ट्यूबलाइटखाली चाळिशीच्या चष्म्यातून पाहणाऱ्यालाच कळेल. आणि फरक भलताच आहे. लाखाचा लावला तर यंत्र गप्प बसलेलं असताना 0.09 मिलिअँपिअर खातं, म्हणजे चारशे मिलिअँपिअर-तासांचा साधा सेल हिशेबाने सहा महिने पुरतो. दहा हजाराचा लावला तर तोच सेल अठरा दिवसांत राम म्हणतो. भाचा म्हणाला, मल्टिमीटर लावू. मल्टिमीटर निघाला, पण त्याच्यातला सेल आधीच रामापर्यंत पोहोचला होता. मग मी रंगांच्या बाबतीतल्या घरातल्या सर्वोच्च न्यायालयात गेलो.

"यातला पिवळा कुठला गं?"

"एकही नाही. हा लिंबोणी आणि हा अबोली."

"नारिंगी कुठला?"

"नारिंगी असा रंग पाहिजे कशाला तुम्हाला? अबोली छान आहे की."

"बरं, हा पहिला पट्टा तपकिरी आहे ना?"

"तपकिरी?" तिने तो खिडकीपाशी नेला, साडीच्या दुकानात पदर धरतात तसा आडवा धरला. "हा डाळिंबी. सुलूच्या मुंजीत वन्संना दिलेल्या साडीचा काठ असाच होता. त्यांनी ती एकदाही नेसली नाही."

पुढचा पाऊण तास वन्संवर गेला. त्या वेळेत भाच्याने मल्टिमीटरला यंत्राचाच सेल लावून रेझिस्टर मोजला, हे इंजिनिअरिंगच्या शिक्षणाचं मी पाहिलेलं पहिलं फळ.

सोल्डर मारताना टेबलक्लॉथला पडलेल्या भोकाचं वर्णन इथे करत नाही. घरी ते पुरेसं झालं आहे. रात्री अकरा वाजता सेल जोडला आणि यंत्र जे ओरडायला लागलं ते थांबेचना. तार तर अखंड होती. मी तार बदलली, ओरडणं चालू. भाच्याने सेल उलटा लावून पाहिला; तेव्हा मात्र ते शांत झालं, कायमचं होतं की काय अशी भीती वाटण्याइतकं. कारण पुढे सापडलं. मोटर वाइंडिंगच्या तारेवर एनॅमलचा पातळ थर असतो. तो तांब्याच्याच रंगाचा दिसतो, पण वीज जाऊ देत नाही. टोकं पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय तार जोडलेली दिसते, जोडलेली नसते. खरवडली आणि यंत्र गप्प झालं. त्या क्षणी समोरच्या इमारतीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या रात्री कुंड्यांपाशी उकिडवा बसून मी ती 40 गेजची तार एकेका कळीच्या देठाला वेढा देत फिरवली. वॉचमनने टॉर्च मारून विचारलं, "साहेब, पूजा घालताय काय?" मी हो म्हटलं. डबी कुंडीमागे लपवली आणि झोपायला गेलो. झोप अर्थातच लागली नाही.

पाच चाळीसला यंत्र वाजलं.

अशा बझरचा स्वर साधारण दोन ते चार हजार हर्ट्झचा असतो आणि त्या पट्टीतला आवाज नेमका कुठून येतोय हे माणसाच्या कानाला धड कळत नाही. त्यामुळे तो प्रत्येकाला आपापल्या काळजीच्या दिशेने आला. वरच्या मजल्यावरून "गॅस बघ, गॅस!" असं ऐकू आलं. कुणी लिफ्टचं दार बडवून "आत कोण आहे?" म्हणून विचारू लागलं. एका आजोबांनी श्रवणयंत्र काढलं, झटकलं आणि परत घातलं. मी पडद्याआडून पाहत होतो. कुंडीपाशी काकू उभ्या होत्या. उजव्या हातात जास्वंद, डाव्या हातात पिशवी आणि चेहरा आभाळाकडे. दचकल्या, पण पळाल्या नाहीत. काकूंनी खणखणीत आवाजात हाक मारली, "वॉचमन! अहो वॉचमन! टाकी भरली! मोटर बंद करा, पाणी वाया जातंय!"

वॉचमनने धावत जाऊन मोटर बंद केली. टाकीत तेव्हा जेमतेम वीतभर पाणी चढलं होतं. नागरिकाचं कर्तव्य बजावून काकूंनी आणखी तीन फुलं तोडली आणि त्या वर गेल्या. सात वाजता चौथ्या मजल्यावरचे नळ कोरडे पडले. आठ वाजता चौथा मजला टॉवेल गुंडाळून खाली आला.

संध्याकाळी तातडीची सभा झाली. सभेत पाण्यावर बोललं गेलं, आवाजावर बोललं गेलं, ज्येष्ठ नागरिकांच्या हृदयावर बोललं गेलं. जास्वंदीवर कुणी बोललं नाही. एका नव्या भाडेकरूने भाबडेपणाने विचारलं, "पण तो अलार्म वाजला कशामुळे?" सगळ्यांनी एकदम चहाचे कप तोंडाला लावले. वकीलकाका खाकरले आणि म्हणाले, "तो आजच्या विषयपत्रिकेवरचा विषय नाही." दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'कोणत्याही सभासदाने टाकी न भरता टाकी भरल्यासारखा आवाज करू नये.' खाली सेक्रेटरींची सही आणि त्याखाली कुणीतरी पेन्सिलने काढलेलं फूल.

इथे प्रकरण मिटलं असतं. पण टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका घरी आले. त्यांना चोरीशी देणंघेणं नव्हतं, सर्किटशी होतं. डबी उघडून त्यांनी नापसंतीचा च्च केला. "यात मोठा दोष आहे. चोराने तुटलेली तार परत जोडली तर आवाज बंद होईल."

"काका, फुलं तोडायला आलेला माणूस तार कशाला जोडत बसेल?"

"तुमच्या चोरांत एक वकील आहे हे विसरू नका."

त्यांनी स्वखर्चाने आत एससीआर बसवला. हा गृहस्थ एकदा चालू झाला की ज्या इशाऱ्याने चालू झाला तो काढून घेतला तरी थांबत नाही. सेलपासून तोडावा तेव्हाच गप्प होतो. मी म्हटलं, "मग बाहेर एक बटण ठेवू." काका म्हणाले, "बटण ठेवलं की चोर दाबणार." तेव्हा बटण न ठेवता डबी चार स्क्रूंनी बंद झाली. असं हे निर्दोष, पूर्ण झालेलं आणि सोसायटीने बंदी घातलेलं यंत्र माझ्या कपाटात जाऊन बसलं.

काही दिवसांनी संध्याकाळी काकू आल्या. हातात लाडवांचा डबा. "आम्ही काशीला निघालोय. भजनी मंडळाच्या सगळ्याजणी."

"वा, वा."

"गाडीत चोऱ्या फार होतात हो हल्ली. बर्थखालच्या कडीला साखळी बांधली तरी कापून नेतात मेले. लोकांना दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना काही वाटतच नाही." क्षणभर थांबून, "ते तुमचं वाजणारं यंत्र जरा द्याल का? बॅगेला बांधीन म्हणते."

मी काकूंच्या चेहऱ्यात उपरोध शोधला. तिथे निव्वळ श्रद्धा होती. मी डबी दिली, तार कशी गुंडाळायची ते दाखवलं. लाडू उत्तम होते.

तिसऱ्या रात्री दोन वाजता फोन. पलीकडून आधी माझं यंत्र ऐकू आलं, मग ऐंशी बर्थांचा अख्खा डबा, मग काकू.

"अहो, हे बंद कसं करायचं?"

"चोर सापडला का?"

"कसला चोर! खालच्या बर्थवरच्या बाईंनी चपला शोधायला हात घातला. बंद कसं करायचं ते सांगा. इटारसी गेलं, लोक मारायला उठलेत!"

"चार स्क्रू काढा आणि आतला सेल ओढा."

"स्क्रू? अहो, मी काशीला निघालेय, पान्हे घेऊन नाही!" मागून एक भारदस्त आवाज म्हणाला, "माताजी, चेन खींच दूँ क्या?" आणि फोन तुटला.

आठवड्याने काकू गंगाजलाचा गडू घेऊन आल्या. यंत्राची चौकशी करावी की नाही या विचारात मी असताना त्यांनीच सुरुवात केली. शालीत गुंडाळलं, उशीखाली दाबलं, पाण्याच्या बाटलीला बांधून पाहिलं, थांबेना. शेवटी पहाटे दोघीजणी उठल्या आणि पुढच्या डब्यात दाराजवळच्या कोपऱ्यात गुपचूप ठेवून आल्या. अर्ध्या तासाने काकू बघायला गेल्या तर तिथे काही नव्हतं.

"थांबलं असेल," मी म्हटलं.

"थांबलं कसलं? नेलं! कुणीतरी वाजत असताना उचलून नेलं!" काकूंचा आवाज संतापाने कापत होता. "काय दिवस आलेत बघा. एवढा गजर चाललाय, सगळा डबा जागा आहे, आणि ह्यांना दुसऱ्याची वस्तू न्यायची लाज नाही. आता तुम्ही दुसरं कराल ना, ते जरा मोठ्या आवाजाचं करा. एवढ्याशा आवाजाने असल्या माणसांना काही होत नाही."